पन्नास स्वरांची वही

मंडळी, गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक खाली काढली. जुन्या प्रश्नपत्रिका, निरोप समारंभाचा फोटो, दोन फुटलेल्या पट्ट्या असा सगळा मास्तरकीचा संसार त्यात निघाला. तळाशी एक शंभर पानी वही होती. नात सुट्टीला आली आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने वही उघडली आणि म्हणाली, "आजोबा, हे कसलं गणित? एक, तीन, पाच, मग चांदणी, मग आठ, मध्येच #... आणि इथे ७ वर काट मारून पेन्सिलीने ६# लिहिलंय."

मी म्हटलं, "गणित नाही गं, गाणं आहे. तुझ्या आजीचा पाळणा आहे तो."

तिला काही उमगेना. तिचा फोन कायम मुका असतो, नुसता थरथरतो. फोनसाठी माणसं रात्र रात्र जागून एकेक स्वर लिहीत असत हे तिला सांगायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की हा आता इतिहास झाला आहे. आणि इतिहास म्हटलं की मास्तरला राहवत नाही. म्हणून हा लेख.

आमच्या पिढीने फोनची एकच घंटा ऐकली. काळा, जड फोन. आनंदाची बातमी असो की वाईट, मुलीचा असो की चुकून लागलेला, वाजायचं ते ट्रिंग ट्रिंगच. उचलेपर्यंत काही कळायचं नाही. आपल्या देशात मोबाइलवरून पहिलं बोलणं झालं ते ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा फोन करणाऱ्यालाही पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही! फोन वाजला की आनंदापेक्षा धास्तीच जास्त. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि मग आमच्यासारख्यांच्या खिशात मोबाइल आला. मी घेतला तो नोकिया ३३१०, तोही एका सहकाऱ्याचा वापरलेला. दगडासारखा. हा फोन २००० साली बाजारात आला होता आणि जगभरात बारा कोटींहून जास्त खपला.

नोकियाची ती ओळखीची धून आठवते ना? तिचा जन्म फोनमध्ये झालेला नाही. फ्रान्सिस्को तारेगा नावाचे एक स्पॅनिश गिटारवादक होते. त्यांनी १९०२ मध्ये 'ग्रान व्हाल्स' नावाची गिटारची रचना केली. तिच्यातला तेरा स्वरांचा एक तुकडा नोकियाने उचलला आणि १९९४ च्या २११० या फोनमध्ये घातला. तारेगा १९०९ मध्येच गेले. आपला तो तुकडा आगगाडीत, लग्नात, मयतीत, सगळीकडे वाजणार आहे हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आणि निरोप आल्यावर वाजणारा तो टिट टिट टिट, टीट टीट, टिट टिट टिट? तो तर मोर्सच्या संकेतातला 'एसएमएस' हा शब्दच होता. स्काऊटमध्ये मोर्स शिकवणाऱ्या मला हे कळायला दोन वर्षं लागली, हे कबूल करतो.

कंपनीने दिलेली धून सगळ्यांचीच एक. एस.टी.त एकाचा फोन वाजला की दहा जण खिसे चाचपत. तेव्हा आपली धून वेगळी हवी असं माणसाला वाटणारच. याची सुरुवात जपानमध्ये झाली. १९९६ मध्ये तिथे असे फोन आले की त्यांत वापरणाऱ्याला बटणं दाबून स्वतःची धून भरता येई. कुठलं गाणं कोणत्या बटणांनी वाजतं हे सांगणारी पुस्तकं तिथे निघाली, आणि १९९८ मधल्या अशा एका पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. पाककृतीचं पुस्तक असावं तसं! दुसरी वाट फिनलंडची. तिथल्या वेसा-मात्ती पानानेन या माणसाने अशी सोय काढली की धून निरोपातून फोनवर पाठवता येईल. तिथल्या राडिओलिन्या या कंपनीने १९९८ पासून ती विकायला सुरुवात केली. एकीकडे धून लिहायची, दुसरीकडे विकत घ्यायची. या दोन वाटा तेव्हाच फुटल्या होत्या. पुढे कोणती रुंद झाली ते आपण पाहिलंच.

आमच्या ३३१० मध्ये लिहायची वाट होती. तिचं नाव कंपोझर. ती उघडली तेव्हा मी चक्रावलोच. कारण फोनमध्ये चक्क आमची पेटी होती! १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, ३ ग, ४ म, ५ प, ६ ध, ७ नी. पांढरी एक धरून सगळे शुद्ध स्वर. कंपनीच्या लेखी ते सी, डी, ई, पण कानाला नावाचं काय? शून्य दाबलं की विश्रांती. ८ ने स्वर आखूड, ९ ने लांब. चांदणीच्या बटणाने सप्तक बदले, आणि सप्तकंही बरोबर तीन. मंद्र, मध्य, तार. # दाबलं की स्वर अर्ध्या घराने वर चढे, म्हणजे पेटीची काळी पट्टी. ३ आणि ७ ला मात्र # लागत नसे, कारण ग आणि म यांच्यामध्ये किंवा नी आणि वरच्या सा यांच्यामध्ये काळी पट्टी नसतेच. एका धुनेत जास्तीत जास्त पन्नास स्वर. आणि एका वेळी एकच स्वर. म्हणजे एका बोटाने वाजवलेली पेटी.

मी गांधर्व मंडळाची प्रवेशिका दिलेला माणूस. फार नाही, पण स्वरलिपी वाचता येते. ही लिपी आपल्याकडे आली तिलाही एक कारण होतं. एकोणिसाव्या शतकाअखेर बंदिशी घराण्याघराण्यांच्या तोंडात होत्या. बुवा गेले की त्यांच्याबरोबर बंदिश जायची. मुंबईचे पंडित भातखंडे पेशाने वकील. त्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून या बंदिशी कागदावर उतरवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेतून छापल्या. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ. आमच्या जवळच्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी आपली वेगळी लिपी केली, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ मध्ये मिरजेला देह ठेवला. दोघांनाही त्या काळात कमी टोमणे बसले नाहीत. गाणं काय कागदावर मावतं का, असं बुवा लोक म्हणत. ते खरंही होतं. मींड पुरती लिहिता येत नाही, गमक पुरती लिहिता येत नाही. पण सांगाडा तरी राहतो, आणि सांगाडा असला की कुणीतरी त्यात जीव भरू शकतो.

नोकियाच्या लोकांनीही एक अशीच लिपी केली होती, आरटीटीटीएल नावाची. आधी धुनेचं नाव, मग अपूर्णविराम. मग नेहमीची लांबी, नेहमीचं सप्तक आणि लय. पुन्हा अपूर्णविराम, आणि मग स्वल्पविराम देत देत एकेक स्वर. स्वराआधी ४ म्हणजे पाव, ८ म्हणजे त्याच्या निम्मा, २ म्हणजे दुप्पट. पावाची एक मात्रा धरली की झालं, आमची तालाची वही! फरक एवढाच की आपण ज्याला कोमल गंधार म्हणतो त्याला फोन चढवलेला रिषभ म्हणे. आपण खालून पाहतो की वरून, एवढाच प्रश्न. भैरवी बसवायची तर १#, २#, ५#, ६#. मला तर यात भातखंडेच भेटल्यासारखं वाटलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या सौं.ना काचबिंदू होता. फार उशिरा कळला. २००४ पर्यंत त्यांना माणसं आकारावरून ओळखू येत, पण अक्षर वाचता येत नसे. फोनच्या हिरव्या पडद्यावरचं नाव तर नाहीच. मी दिवसभर शाळेत, त्या घरी एकट्या. फोन मी घरीच ठेवून जात असे. ३३१० चं एक बरं होतं, पडद्याखाली एक मोठं बटण, तेवढं दाबलं की बोलता येई. पण कोणाचा आहे हे कळायचं कसं? एकदा त्यांनी कुठल्याशा विम्याच्या माणसाला लेक समजून, "बाळ, जेवलीस का?" असं विचारलं. त्या माणसाने "हो आई" म्हणून फोन ठेवला म्हणे. आम्ही हसलो. पण त्या नंतर गप्प बसल्या. मग मला म्हणाल्या, "अहो, घंटा निराळी नाही का करता येत?"

करता येत होती. नावाला धून जोडायची सोय फोनमध्येच होती. म्हणून ही वही. मुलाला दिली घरच्या आरतीची चाल. तासगावच्या थोरल्या भावाला, त्यांना आवडणाऱ्या नाट्यगीताचा मुखडा. माझा फोन शाळेतून यायचा, त्याला सा ग प सा, पहिल्या धड्यातला. त्याला सौ. कधीच धावत गेल्या नाहीत. "तुमचाच आहे म्हटल्यावर कशाला धावू?" आणि लेकीसाठी पाळणा. सौं.च्या आईने म्हटलेला, मग सौं.नी लेकीसाठी म्हटलेला. कुठल्या पुस्तकात नाही. मीही तो कधी लिहून घेतलेला नव्हता. घरातलं गाणं कोण लिहून घेतो?

चार रात्री लागल्या. त्या म्हणत, मी पेटीवर स्वर शोधी, मग वहीत, मग फोनमध्ये. पन्नास स्वरांत दोनच ओळी मावल्या. वाजवून दाखवली तर म्हणाल्या, "चुकलंय." मी म्हटलं, कुठे? "येताना. खाली येताना तो स्वर असा ताठ नाही, मऊ आहे." मी वहीत शुद्ध निषाद लिहिला होता, ७. प्रवेशिका पास झालेला माणूस मी, ऐकतोय कसला! म्हटलं, चढताना जो आहे तोच उतरताना. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा म्हणून दाखवला. पुन्हा पेटी धरली. चढताना शुद्ध, उतरताना कोमल. खमाजात असतो तसा. त्यांना खमाज हे नाव माहीत नव्हतं. मी ७ वर काट मारून ६# लिहिलं. पेन्सिलीने लिहिलं, कारण मनातून खात्री होती की शेवटी माझंच बरोबर निघेल.

पुढच्या वर्षी लेकीला मुलगी झाली. हीच, आत्ता वही घेऊन बसलेली. तेव्हा ती धून मी पुण्याला लेकीच्या फोनवर पाठवली. त्याचीही गंमत आहे. धून निरोपातूनच जाई, पण वाचता न येणाऱ्या निरोपातून. एका निरोपात १६० अक्षरं, प्रत्येकी सात बिट, म्हणजे ११२० बिट मावतात. एका स्वराला लागतात बारा. पन्नास स्वरांचे झाले ६००. म्हणजे अख्खा पाळणा एका निरोपात बसून, मागेपुढे टिपणाला जागा ठेवून जातो! पलीकडचा फोन तो निरोप वाचून दाखवत नसे, धून आली आहे, वाजवू का, ठेवू का, असं विचारत असे. लेकीचा लगेच उलटा फोन आला. घरात पाळणा वाजला आणि त्याआधीच सौ. हसत होत्या.

दरम्यान बाजार पालटत होता. २००२ पासून एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारे फोन आले. तबला, बासरी, व्हायोलिन, सगळा वाद्यवृंद. मग तर खरं गाणंच वाजू लागलं. धून विकणं हा मोठा धंदा झाला. अमेरिकेत 'बिलबोर्ड'ने २००४ मध्ये रिंगटोनचा वेगळा तक्ता सुरू केला. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका चाळेखोर बेडकाची धून, क्रेझी फ्रॉग, गाण्यांच्या यादीत पहिली आली. आपल्याकडेही चार-पाच आकडी क्रमांकावर निरोप धाडला की धून येई आणि खात्यातून पैसे जात. फोन करणाऱ्याला ऐकू येणारी गाणी आली, ती महिन्याच्या भाड्याने. आमच्या शेजारच्या आजोबांच्या फोनवर असंच एक गाणं कुणी न मागता लागलं होतं, आणि दर महिन्याला तीस रुपये जात होते. ते बंद कसं करायचं हे विचारायला मी त्यांच्याबरोबर तीन हेलपाटे घातले. त्या कंपनीचं नाव कशाला घ्या. पुढे २०१३ मध्ये दूरसंचार नियामकांनी असं काही सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची सक्ती केली, तेव्हा कुठे सुटका झाली.

विकत घेण्याला माझा विरोध नाही. पेटीसुद्धा विकतच घेतो आपण. पण नव्या फोनमधून एक गोष्ट गुपचूप गेली. कंपोझर. धून निवडायला शेकडो, लिहायला जागा नाही. बाजारात 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. ब्लूटूथने मुलं हातोहात गाणी वाटू लागली. माझ्याच वर्गातली मुलं, जी दोन वर्षांपूर्वी वहीच्या मागच्या पानावर बटणांचे आकडे उतरवून घ्यायची आणि मला हळूच विचारायची, "सर, हे बेसूर का वाजतंय?", ती आता विचारीनाशी झाली. त्या निमित्ताने सात-आठ पोरांना कोमल-तीव्र समजलं होतं. अभ्यासक्रमात नसताना!

२००८ मध्ये माझ्या हातून फोन पाण्याच्या बादलीत पडला. तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, पण गेला तो गेलाच. सिमकार्ड वाचलं, त्यातले क्रमांक वाचले. धुना मात्र फोनच्या पोटात होत्या, त्या बुडाल्या. लेकीनेही तोवर रंगीत फोन घेतला होता, तिच्याकडचीही गेलेली. मी सौं.साठी नवा, चांगला दोन हजारांचा फोन आणला. दुकानदाराने हौसेने त्यात गाणी भरून दिली. आठ दिवस त्यांनी काही म्हटलं नाही. मग एक दिवस म्हणाल्या, "अहो, आवाज छान आहे. पण कोण आहे ते कळत नाही मला."

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या बाजारात हिंडलो आणि एका दुरुस्तीच्या दुकानातून तीनशे रुपयांना जुना ३३१० घेतला. नव्या फोनकडे पाहून दुकानदार म्हणाला, "सर, लोक उलटं करतात." त्या संध्याकाळी वही काढली आणि ओळीने सगळं पुन्हा भरलं. आरती, मुखडा, सा ग प सा, पाळणा. पाळण्याला पेन्सिलीचं ६# घातलं. सौ. खुर्चीत बसून ऐकत होत्या. या वेळी "चुकलंय" म्हणाल्या नाहीत.

पुढची पाच वर्षं तो फोन चालला. २०१३ च्या श्रावणात सौ. गेल्या. फोन काही दिवस वाजत राहिला. पाळणा वाजला की मी उचलायला जायचो आणि आधी क्षणभर आतल्या खोलीकडे बघायचो. मग बंद करून ठेवला. नोकियाने २०१४ मध्ये आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला. माझा ३३१० आता चार्जच होत नाही.

हे सगळं सांगून झालं तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, ही लिपी अजून चालते. आम्ही प्रयोगशाळेत आर्डुइनोला बझर लावतो ना, त्याला हीच लागते." मला आधी पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बोटभर पट्टीला दोन तारा जोडल्या, वही समोर धरली, बटणांच्या आकड्यांचे स्वर करून दिले मी, ते तिने भरले. पहिल्यांदा वाजलं आणि मी न राहवून म्हणालो, "येताना निषाद कोमल!" तिने पेन्सिलीचं पाहिलंच नव्हतं, खोडलेलं ७ भरलं होतं. तिने बदललं. पुन्हा वाजलं. तिने लगेच पुण्याला आईला फोन लावून ऐकवलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

भातखंड्यांची तळमळ मला वर्गात शिकवताना कळली नव्हती, ती या वहीने कळवली. ज्या धुना विकत घेतल्या त्यांतली एकही आज माझ्यापाशी नाही. ज्या लिहिल्या त्या सगळ्या आहेत. परवा ते पेन्सिलीचं ६# मी शाईने गिरवलं. वीस वर्षं उशीर झाला, पण वाद मिटला.

असो. मंडळी, तुमच्याही घरात, टेबलाच्या खणात एखादा जुना फोन पडला असेल. चार्ज होत असेल तर लावा, कंपोझर उघडा आणि कुणी काही लिहून ठेवलं असेल तर कागदावर उतरवून घ्या. आणि फोन नसला तरी घरातलं एखादं म्हातारं माणूस गुणगुणत असेलच. ते तुम्हाला "चुकलंय" म्हणेल. म्हणू द्या, आणि दुरुस्त करा.